बस्ता श्रीरामपूरला गेला

बेलापुरातल्या जुन्या माणसांना विचारलं तर ती सांगतात, काकांचं कापडाचं दुकान बहात्तरच्या दुष्काळानं बसलं. माझ्यासमोर हे कितीदा तरी बोललं गेलं आणि दर वेळी मी मान हलवली. दुष्काळ खरा होता, त्यानं पेठेतली बरीच दुकानं बसवली. पण काकांचं दुकान त्याच्या आधीच्या लग्नसराईतच बसलं होतं, वैशाखातल्या एका सकाळी. त्यांना एक निरोप सांगण्याचं काम माझ्याकडे होतं. मी ते अंगावर घेतलं होतं, आणि मी तो निरोप सांगितला नाही. विसरलो असतो तर आज लिहायला बसलो नसतो. मी विसरलो नव्हतो.

काका माझ्या नात्यातले नव्हते. सगळी पेठ त्यांना काकाच म्हणायची. बायको लवकर गेली होती, एक मुलगी अकोले तालुक्यात राजूरला दिलेली. दुकान हेच त्यांचं घर होतं, मागच्या खोलीत ते राहायचे. वडील वारल्यावर मी त्यांच्याकडे नोकरीला लागलो आणि सात-आठ वर्षं तिथंच होतो. धोतरजोडी कशी झटकून उघडायची, खणाची घडी गिऱ्हाइकाच्या बाजूनं कशी करायची, हे मला त्यांनी शिकवलं. दुपारी डबे उघडले की आम्ही चौघं-पाचजण गोल करून बसायचो. ओट्यावर मशीन टाकून बसलेला शिंपी, शेजारचा कासार, आणि त्या वेळी जो कोणी दुकानात असेल तो. एकट्यानं जेवायची वेळ माझ्यावर तिथं कधी आली नाही.

आमच्या गावाची एक गंमत आहे. रेल्वे स्टेशन श्रीरामपुरात, पण स्टेशनावरची पाटी बेलापूरची. बाजार तिकडे गेला, नाव तेवढं आपल्याकडे राहिलं, असं पेठेतले लोक थट्टेनं म्हणायचे. तरी एक गोष्ट अजून पेठेकडे होती, ती म्हणजे लग्नाचा बस्ता. नवरीकडची आणि नवऱ्याकडची माणसं मिळून एका दुकानात यायची आणि लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घ्यायची. शालू, लुगडी, खण, धोतरं, फेटे, टोप्या. पहिल्या कापडाला कुंकू लावायचं आणि मग पुढचं. बस्ता आला की हलवायाकडून पेढे यायचे, चहावाल्याची किटली फिरायची, बाया उठून कासाराकडे बांगड्या भरायला जायच्या आणि शिंप्याकडे मापं द्यायला रांग लागायची. लग्नसराईतले बस्ते चांगले झाले की काकांचं वर्ष निघायचं. त्यांच्याबरोबर आणखी चार घरांचंही.

बस्त्याआधी चार-पाच दिवस नवरीचा बाप एकटाच दुकानात यायचा. इकडचं-तिकडचं बोलायचा, मग काकांच्या जवळ सरकून कानात काहीतरी सांगायचा आणि निघून जायचा. आपली उडी कुठवर आहे, किती खर्च झेपेल, तेवढंच तो सांगायचा. काका ते कुणालाही बोलायचे नाहीत, मलाही नाही. मला फक्त एक खूण ठाऊक होती. मीटर आला तरी कापड मोजायच्या लोखंडी पट्टीला ते गजच म्हणायचे. बस्ता चालू असताना त्यांनी गज गादीवर उभा धरला की कापड काढत राहायचं, आणि आडवा ठेवला की आता ह्याच्या वरचं, महागाचं फडताळ उघडायचं नाही.

नदीकाठच्या वस्तीवरच्या एका शेतकऱ्याच्या थोरल्या मुलीचा बस्ता मला चांगला आठवतो. त्या शेतकऱ्याला सगळे तात्या म्हणत. नवऱ्या मुलाची आत्या मोठी ठसक्याची होती. काकांनी गज आडवा ठेवला, मी थांबलो, आणि नेमकं तेव्हाच तिनं वर बोट दाखवलं.

"त्यो लाल शालू काढा की वो. का निस्ता बघायला ठिवलाय?"

"काढतो की आत्याबाई," काका म्हणाले. "पण आधी सांगितलेलं बरं. ह्याच गठ्ठ्यातला एक मागं गेला. मांडवात पावसाचे चार थेंब पडले आणि रंग सुटला. नवरी लाल, नवरदेवाचं धोतर लाल. लोक म्हणाले, लग्न हाय का रंगपंचमी?"

सगळी बैठक हसली. आत्याही हसली. "नगं बाई मग," म्हणाली, आणि हिरव्या शालूवर सौदा ठरला. तात्या भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

तो लाल शालू पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका घरी गेला. असा पक्का रंग जिल्ह्यात मिळायचा नाही, असं काकांनी त्यांना सांगितलं. माणसं गेल्यावर मी म्हणालो, "काका, परवा तर तुम्ही म्हणालात रंग सुटतो."

"परवा सुटत होता," काका म्हणाले आणि हसले.

मला ते हसणं आवडलं नाही. मी तेव्हा विशीच्या पुढचा होतो आणि खरं-खोटं मला फार स्पष्ट दिसायचं. दुकानात रोज खोटं बोलावं लागतं, भाव चढवून सांगायचा आणि मग घासाघीस करून उतरवायचा, ह्याची मला लाज वाटायला लागली होती. दुकानात मला फक्त खोटं ऐकू यायचं. ते कुणासाठी बोललं जातंय, ह्याचा विचार मी केला नाही. मी स्वतःला प्रामाणिक समजायचो.

त्याच सुमाराला मुंबईच्या एका कापड कंपनीनं गावोगाव आपली दुकानं काढायला सुरुवात केली. नगरला काढलं, संगमनेरला काढलं, आणि एका दिवाळीच्या आधी श्रीरामपुरात काढलं. मोठ्या काचा, नळीचे दिवे, पंखे. सगळीकडच्या दुकानांवर सारखीच पाटी आणि आत सारखाच माल. दारावर लिहिलेलं होतं, 'एकच भाव'. प्रत्येक कापडाला किमतीची चिठ्ठी टाचलेली. मला वाटलं, हे आपलं ठिकाण. कापडातलं कळणारी माणसं त्यांना हवी होती. मी अर्ज केला आणि त्यांनी घेतलं.

काकांना सांगायला गेलो तेव्हा मी पुष्कळ वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांची गरज पडली नाही. त्यांनी फडताळातून टेरिलिनचं कापड काढलं, सदऱ्यापुरतं फाडलं आणि ओट्यावरच्या शिंप्याकडे टाकलं. "ह्याचं माप घे. साहेबाच्या दुकानात मळका सदरा चालत नाही म्हणतात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अधूनमधून येत जा रे. जेवायच्या वेळेला ये."

मी गेलो नाही. सुरुवातीला वेळ नव्हता, नंतर धीर होईना.

नव्या दुकानात गादी नव्हती. गिऱ्हाईक काचेच्या पलीकडे उभं राहायचं, मी अलीकडे. ते बोट दाखवायचं, मी काढून द्यायचो, ते चिठ्ठी वाचायचं आणि घ्यायचं किंवा निघून जायचं. कुणाच्या घरी काय चाललंय हे विचारायची सोय नव्हती, मागं दुसरं गिऱ्हाईक उभं असायचं. बेलापूरची ओळखीची माणसं आली की दवाखान्यात बोलतात तशी खालच्या आवाजात बोलायची. दुपारी मी मागच्या कोठीत, खोक्यांच्या मधे बसून डबा खायचो. तोवर माझी आई थोरल्या बहिणीकडे राहायला गेली होती. संध्याकाळी सायकलवरून बेलापूरला यायचो, भाड्याच्या खोलीचं कुलूप काढायचो. कित्येक दिवस असे गेले की सकाळपासून मी फक्त किमतीच बोललेलो असायचो.

आमचे मॅनेजर मुंबईकडचे होते. माणूस वाईट नव्हता. त्यांना वरून विचारणा व्हायची, तशी ते आम्हाला करायचे. एक दिवस त्यांनी मला विचारलं, "लग्नाची मोठी खरेदी आपल्याकडे का येत नाही?"

मी म्हणालो, "ती माणसं आपल्या ओळखीच्या दुकानदाराकडे जातात, साहेब."

"मग तुमची ओळख नाही का?"

ह्यावर मी गप्प बसू शकलो असतो. पण मला ते माझं कर्तव्य वाटलं. कुणाची सुपारी फुटलीय, कुठली सोयरीक जमतेय, हे मला पेठेतल्या आठ वर्षांमुळे कळत होतं. रविवारी सायकल काढून मी वस्त्या-वस्त्यांवर जाऊ लागलो. पंखे आहेत, एकच भाव आहे, फसवाफसवी नाही, आणि बस्त्याला यायला कंपनी टेम्पो पाठवते, असं सांगू लागलो. टेम्पोचं ऐकून पोरंटोरं आधी तयार व्हायची.

तात्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा मी एक गोष्ट हुशारीनं केली. आधी नवऱ्याकडे गेलो. नवरा मुलगा साखर कारखान्यात कामाला होता. शहरातलं दुकान म्हटल्यावर ते लोक खूश झाले. मग मी तात्यांच्या वस्तीवर गेलो. ते विहिरीजवळ इंजिनाशी खटपट करत होते.

"आमचं समदं काकांकडंच असतंय, तुला ठावं न्हाई व्हय?" ते म्हणाले. "परवाच कानात सांगून आलोय त्यास्नी."

"तात्या, आमच्याकडे कानात सांगायची गरजच नाही. किंमत लिहिलेलीच असते. फसायची भीती नाही."

"काकांनी कवा फसवलं रं आमास्नी?"

मी म्हणालो, "पाव्हणे मंडळी तिकडंच म्हणतायत. मी त्यांच्याकडूनच आलोय."

तात्यांनी हातातला पाना खाली ठेवला. तेल लागलेले हात मातीत पुसत राहिले. "मंग झालंच की. त्यांचा शब्द मोडून चालंल का? पर काकास्नी काय सांगू? त्यांनी गादी घातली आसंल."

"ते माझ्याकडे लागलं. मी सांगतो त्यांना."

"आवर्जून सांग बरं का. मला त्यांच्या म्होरं हुबं ऱ्हायची लाज वाटती. तू घरचा हाईस त्यांच्या. मान्सानं उगा वाट बघत बसू नये."

मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो होतो.

त्या संध्याकाळी मी पेठेच्या तोंडाशी आलो आणि सायकल कॅनॉलच्या रस्त्याला वळवली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मनाचा हिय्या करून गेलो. काका गादीवर नव्या पांढऱ्या खोळी चढवत होते. मला बघून त्यांचं तोंड उजळलं.

"या साहेब! वाट चुकलात का?" त्यांनी हातानंच चहा सांगितला. मी बसलो. शिंप्यानं मशीन थांबवून माझ्या सदऱ्याची कॉलर बघितली आणि "चांगली बसलीय की," म्हणाला. चहा आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकाच म्हणाले, "उद्या तात्यांच्या धाकटीचा बस्ता आहे. तू सुटलास तर ये. ह्या बाया फार घोळ घालतात, आणि नव्या पोराला गज कळत नाही. उभा-आडवा त्याला सारखाच."

निरोप जिभेवर होता. आणि मी म्हणालो, "सुट्टी मिळणार नाही, काका."

"बरं, बरं. नोकरी आधी," ते म्हणाले, आणि खोळीच्या सुरकुत्या हातानं सारख्या करू लागले.

मी चहा संपवला आणि उठलो. ते क्षण मी नंतर पुष्कळदा तपासले आहेत. त्यांनी रागवावं ह्याची मला भीती नव्हती. तो माणूस रागावला नसता. त्यांनी फक्त "असं का?" म्हटलं असतं आणि चढवलेल्या खोळी पुन्हा काढल्या असत्या. ते मला समोर बसून बघायचं नव्हतं. माझ्यामागं काय व्हायचं ते होवो, असं मी ठरवलं.

पण ते माझ्यामागं झालं नाही. वस्तीवरून श्रीरामपूरला जायचा रस्ता पेठेतूनच होता आणि टेम्पोबरोबर मॅनेजरांनी मलाच पाठवलं होतं. मागं दोन्हीकडची माणसं दाटीवाटीनं बसलेली, पुढं ड्रायव्हरच्या शेजारी मी, अंगात काकांनी दिलेला सदरा. पेठ आली तशी गाडीचा वेग कमी झाला. काका पायरीवर उभे होते. हातात कुंकवाची कोयरी होती. मागच्या बायका ओळखीच्या दिसल्या तसे ते एक पायरी उतरले. चहावाला किटली घेऊन दाराशीच होता. कासारानं आपल्या ओट्यावर पाण्याचा सडा मारला होता.

मी खाली वाकलो. चपलेचा अंगठा तुटल्यासारखं करून दोन्ही हात पायांशी नेले आणि तसाच राहिलो. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मागून कुणीतरी बाई म्हणाली, "अगं बया, काका हुभं हायेत की!" कॅनॉल आल्यावर मी सरळ झालो.

दुकानात मॅनेजर स्वतः दारात आले. बायकांना उभं राहून कापड बघायची सवय नव्हती. दोघी खालीच बसल्या, त्यांना उठवावं लागलं. इथं काही लपलेलं नव्हतं, सगळे शालू काचेत टांगलेले. नवऱ्याकडची एक चुलती सरळ सगळ्यात वरच्या शालूपाशी जाऊन उभी राहिली.

मी तात्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. कानात सांगायला त्यांना कुणी मिळालं नव्हतं. माझ्या हातात मीटरची पट्टी होती आणि ती मी काचेवर आडवी ठेवली. विचार करून नाही, हाताच्या सवयीनं. तिथं त्या खुणेचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. मॅनेजरांनी पट्टी उचलून बाजूला केली.

"अहो, दाखवा ना. पूर्ण उघडून दाखवा."

मी उघडला. म्हणालो, "हा जरा जड पडतो अंगावर. लग्नात दिवसभर..."

"काही जड नाही," मॅनेजर म्हणाले. "आमचा सगळ्यात चांगला माल आहे." आणि त्यांनी चिठ्ठी उलटून किंमत मोठ्यानं वाचली.

चुलती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. त्यांच्या जिवावर यील. आमचं काय, आमी आपल्या घरच्या लुगड्यावर नेऊ पोरीला."

"जिवावर यायला काय झालं?" तात्या म्हणाले. "बांधा त्यो."

त्यानंतर बाकीचं कापड निघायला लागलं आणि तात्या एकेक गोष्ट मागं सारायला लागले. "मामाचा फेटा ऱ्हाऊ द्या, हाय त्यांच्याकडं." "हिचं लुगडं नगं, मागल्या साली घेतलंय." मुलीची आई मागं उभी होती. तिनं पुढं आणलेला हात हळूच पदराखाली घेतला. पहिल्या कापडाला कुंकू लावायचं राहिलंच. दुकानात कुंकू नव्हतं. बस्ता बांधून झाला तेव्हा मॅनेजरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

ती बातमी पेठेत आणि वस्त्यांवर एका दिवसात पोचली. तात्यांसारखं घर जर श्रीरामपूरला जातं, तर आपण पेठेत बस्ता घेतला तर लोक काय म्हणतील, असं होऊन बसलं. त्या सराईत काकांकडे आलेले बस्ते अगदी थोडे, तेही जवळच्यांचे. लग्नासाठी भरलेला माल फडताळात तसाच राहिला. पेढे बंद झाले, कासार बाजारच्या गावांना फिरू लागला, शिंप्याला ओट्यावर काम उरलं नाही. आणि मग पाऊस पडला नाही. लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊ लागले. कापड कोण घेणार? दिवाळीनंतर काकांनी दुकान बंद केलं आणि मुलीकडे राजूरला गेले. ते निघाले तेव्हा मी भेटायलाही गेलो नाही. शिंपी मला रस्त्यात भेटला. "दुष्काळानं खाल्लं बघ काकांना," म्हणाला. तेव्हा मी पहिल्यांदा मान हलवली.

दुष्काळ आमच्या दुकानालाही होताच, पण कंपनीला तो सोसत होता. बाकीच्या गावची दुकानं होती, मुंबई होती. रिकाम्या दुकानात मी दिवसभर त्याच घड्या उघडायचो आणि पुन्हा घालायचो. पंखा फिरत असायचा. बाहेर कुणी काचेशी थांबलं की बरं वाटायचं. ते बहुधा स्वतःचं तोंड बघत असायचं.

दुष्काळ सरल्यावर एकदा श्रीरामपूरच्या स्टँडवर तात्या भेटले. बराच वेळ एसटीबद्दल, पावसाबद्दल बोलले. मग म्हणाले, "तवा काका काय म्हणलं रं? तू सांगितलंस तवा?"

मी म्हणालो, "काही नाही म्हणाले."

"मला तेच भ्या वाटत व्हतं. चार शिव्या घातल्या असत्या तर मी जाऊन पाय धरले असते. काय म्हणलंच न्हाईत, म्हंजी लई लागलं आसंल. मंग मला त्यांच्या दारावरनं जावंना. आता तर गावच सोडून गेलं मानूस." त्यांची गाडी आली. चढताना त्यांनी पुन्हा विचारलं, "काहीच न्हाई म्हणलं?"

हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा मला जास्त छळू लागलं. एका माणसाला वाटत होतं की काकांना कळलं होतं. दुसऱ्याला काहीच कळलेलं नव्हतं. दोघांच्या मधे मी उभा होतो आणि दोघांनाही मी दिसत नव्हतो. मी रजा काढली.

संगमनेर, अकोले करत राजूरला पोचलो तेव्हा बाजार भरलेला होता. थंडीचे दिवस होते. डोंगरातली माणसं घोंगड्या पांघरून आली होती. काका एका पालाखाली बसले होते, पुढ्यात पोतं अंथरलेलं आणि त्यावर जाडीभरडी लुगडी, खण, टोप्या. बारीक झाले होते. मला बघून डोळ्यांवर हात धरला आणि मग जवळची जागा हातानं झाडली.

"बस. साहेब इकडे कसे?"

मी बसलो. गिऱ्हाईक आलं की सवयीनं घडी उघडून धरू लागलो. मधे त्यांनी माझ्या आईची चौकशी केली, शिंप्याची केली, कासाराची केली. मग चहा सांगितला आणि खाली बघत म्हणाले, "तात्यांच्या धाकटीला शेवटी काय घेतलं रे? कुठला शालू?"

मी सांगितला.

"फार वरचा झाला," ते म्हणाले. "त्यांनी मला वेगळंच सांगितलं होतं. मी काढून ठेवला होता एक, मोरपंखी. अजून आहे." मग म्हणाले, "मला माणसाचा राग नाही. पाव्हण्यांनी ओढलं असेल. पण दोन्ही लेकींच्या वेळी कानात सांगून गेलेला माणूस, त्यानं एक निरोप धाडायचा होता. एवढा परका झालो मी त्याला?"

मी हातातल्या लुगड्याची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत राहिलो. काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच दुसरीकडे. पोत्यावरचा गज उचलून त्यांनी मांडीपाशी आडवा ठेवला.

"जाऊ दे. जुनं झालं. तू काय करणार, नोकरी होती तुझी. त्या टेम्पोत कोण-कोण होतं तेही मला दिसलं नाही. सकाळचं ऊन होतं ना तोंडावर."

काकांच्या दुकानाचं तोंड पश्चिमेला होतं. सकाळी त्या पायरीवर सावली असायची. आठ वर्षं मीच ती पायरी झाडली होती. असं बोलून माणसाला वाट काढून देताना मी त्यांना कितीदा पाहिलं होतं, आणि दर वेळी मला त्यात फक्त खोटं दिसलं होतं. ती वाट घेऊन मी चहा पिऊन परत येऊ शकलो असतो. तात्या मात्र काकांच्या मनात तसेच परके राहिले असते.

मी कप खाली ठेवला.

"ऊन नव्हतं, काका," मी म्हणालो. "पुढं ड्रायव्हरशेजारी मी बसलो होतो. तुम्ही पायरी उतरलात ते बघून मी वाकलो. चप्पल तुटल्याचं सोंग केलं. तात्यांनी निरोप धाडला होता, आवर्जून धाडला होता. तो माझ्याकडे होता. तुम्ही खोळी घालत होतात तेव्हा माझ्याकडे होता, तुमचा चहा पीत होतो तेव्हाही होता. ते परके झाले नाहीत. मी झालो. माझं चुकलं, काका. मला माफ करा."